सरोवरातून सरोवरात: ५८ किलोमीटरची नायगारा

प्रश्न: नायगारा नदी जेमतेम ५८ किलोमीटर लांब. मग तिला बारमाही एवढं पाणी कुठून? आणि आपल्या पंचगंगेसारखा महापूर तिला का येत नाही? (एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर: लांबी पाहू नका, उगमाशी काय आहे ते पाहा. तिथे ईरी सरोवर आहे आणि त्यामागे सुपीरिअर, मिशिगन, ह्युरॉन. या चौघांचं पाणी नायगारातूनच ओंटारिओ सरोवरात उतरतं. सरासरी सेकंदाला ५,७०० घनमीटरच्या आसपास.

पंचगंगेला असा साठा नाही. राधानगरी, गगनबावड्याकडे पाऊस कोसळला की भोगावती, कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी लगेच खाली येतं आणि राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांचा इशारा ओलांडून ४३ फुटांच्या धोक्याकडे धावते. ईरीत तोच पाऊस सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरवर पसरतो. पातळी इंचांनी चढते.

नायगारा अचानक फुगते ती बहुधा वाऱ्याने. ईरी उथळ, सरासरी १९ मीटर खोल, आणि नैर्ऋत्य-ईशान्य पसरलेलं. नैर्ऋत्येचं वादळ पाणी बफलो शहराच्या टोकाला, म्हणजे नदीच्या उगमाशीच, लोटतं. काही तासांत प्रवाह वाढतो.

दोन सरोवरांतला उतार ९९ मीटर. त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या धबधब्यात. वर कठीण डोलोमाइट खडक, खाली मऊ शेल खडक. शेल झिजला की वरचा खडक आधाराविना तुटतो. असा हा धबधबा सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे, ईरीकडे सरकला आहे. नकाशा पाहताना ध्यानात ठेवा: नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते.