विमान वेळेवर पोचवायचं आहे, पण मन ‘थांब’ म्हणतंय

जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून म्हापशात माझ्याकडे समुपदेशनासाठी या क्षेत्रातली माणसं जास्त येऊ लागली आहेत. केबिन क्रू येतात, ग्राउंड स्टाफ येतो, अधूनमधून वैमानिकही येतात. वैमानिकांची काळजी शब्द बदलले तरी एकच असते. वेळापत्रक सांभाळण्याच्या नादात जे करू नये ते आपल्या हातून होईल, आणि थांबायचं म्हटलं तर लोक आपल्याला कच्चा समजतील. मग म्हणतात, ‘मॅडम, काहीतरी करा, पण ही धडधड घालवा.’

ती धडधड घालवणं हे माझं काम आहे असं मी मानत नाही. का ते एका मुलाच्या अनुभवातून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डिचोलीकडचा, तिशीच्या आतला मुलगा. घरी कोंकणी, वाचन मराठी, वडील गावच्या जत्रेतल्या नाटकात वर्षानुवर्षं उभे राहिलेले. मुंबईला को-पायलट. प्रशिक्षण आणि टाइप रेटिंगसाठी (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी) घर तारण ठेवून कर्ज काढलेलं, ते अजून फिटतंय. कमांड मिळेल, कॅप्टन होईल, मग हप्ते सुटतील, असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब. माझ्याकडे आला तेव्हा पंधरा दिवस त्याला धड झोप नव्हती. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, मोबाइलवर आलं की पोटात गोळा येई. स्वतःचं निदान त्याने करूनच ठेवलं होतं: ‘मी भित्रा झालोय.’

घडलं ते चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या रात्री. त्याने मुद्दाम मागून घेतलेली ड्युटी होती. शेवटचं सेक्टर, म्हणजे उड्डाण, मोपाला संपणार, तिथून थेट घर, पुढे दोन दिवस सुट्टी. निघण्यापूर्वी आईचा फोन आलेला, ‘पुता, चवथीक येतलो न्हय?’ दिवसभर पावसामुळे विमानं रखडत होती, त्यामुळे ड्युटीची कमाल वेळ संपत आली होती. मोपाच्या पठारावर ढग खाली आलेले, वाऱ्याचा जोर. हजार फुटांवर विमान स्थिर असायला हवं. वेग, उतरण्याचा दर, चाकं, फ्लॅप, सगळं ठरलेल्या मर्यादेत. नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं. त्या रात्री वेग बराच जास्त होता. हा म्हणाला, ‘स्पीड, सर.’ कॅप्टन म्हणाले, ‘करतोय करेक्ट.’ वेग पुरेसा कमी झाला नाही. हा गप्प राहिला. विमान धावपट्टीवर उतरायच्या पट्ट्याच्या बरंच पुढे टेकलं, ब्रेक जोरात लागले, थांबलं. प्रवाशांनी नेहमीसारख्या बॅगा काढल्या. कोणाला काही कळलंही नाही. सकाळी हा घरी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) आरतीला उभा होता आणि त्याच्या कानात आरती शिरतच नव्हती.

पहिल्या भेटीत तो सगळं कॅप्टनवर आणि कंपनीवर टाकत होता. दबाव खरा असतो, त्याबद्दल मला शंका नाही. नियमांवरूनच तो दिसतो. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे नवे नियम काढले: साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. ते दोन टप्प्यांत प्रत्यक्ष लागू व्हायला जुलै आणि नोव्हेंबर २०२५ उजाडला. आणि त्या डिसेंबरात वैमानिक पुरेनात म्हणून एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा काही तरतुदींना तात्पुरती सूट द्यावी लागली. माणसाची झोप आणि कंपनीचं वेळापत्रक यांची ओढाताण किती आहे, ते एवढ्यावरून कळावं.

पण त्या रात्री कॉकपिटमध्ये ‘उतरच’ असं कोणीही म्हणालं नव्हतं. मी त्याला विचारलं, ‘गो-अराउंड म्हणाला असतास तर काय झालं असतं?’ तो म्हणाला, ‘इंधन होतं. फिरून परत प्रयत्न केला असता, नाहीतर बेंगळुरूला गेलो असतो. ड्युटी संपली असती. तिथेच हॉटेल.’ ‘आणि?’ बराच वेळ गप्प बसून म्हणाला, ‘चवथ चुकली असती.’ मग रडला. इतके दिवस त्याला आतून पोखरत होतं ते हे होतं. कॅप्टनइतकाच तोही घरी पोचायला उतावीळ होता आणि ते त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी त्याला कोळिकोडच्या अपघाताची आठवण करून दिली. ७ ऑगस्ट २०२० ला तिथे पावसात विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं, २१ जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण करायचं म्हणून कॅप्टनला कोळिकोडलाच उतरायची ओढ होती, आणि त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, हे चौकशी अहवालात नोंदलं आहे. कॅप्टन अनुभवी होते. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगितलं नाही. ‘पोचायलाच हवं’ हा विचार निष्णात माणसाच्याही निर्णयात कसा मुरतो, हे त्याला दिसावं एवढ्यासाठी. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अस्थिर स्थितीत खाली येणाऱ्या विमानांपैकी सुमारे ९७ टक्के उतरतातच, परत वर जाणारी जेमतेम ३ टक्के. म्हणजे हा एकटा नाही. दिलासा म्हणून मी हा आकडा देत नाही, तो काळजी वाटावी असाच आहे.

तर माझं म्हणणं हे. त्याची धडधड म्हणजे आजार नव्हता. त्याच्या शरीराने धोका बरोबर ओळखला होता, फक्त पंधरा दिवस उशिरा त्याला ऐकू आला. मी श्वासाचे व्यायाम शिकवून त्याला शांत केलं असतं आणि थकलेल्या अवस्थेत पुन्हा कॉकपिटमध्ये पाठवलं असतं, तर ते समुपदेशन झालं नसतं. स्वयंपाकघरात गॅसचा वास आल्यावर नाकाला रुमाल लावण्यातला तो प्रकार.

आम्ही दोन गोष्टींवर काम केलं. पहिली, निर्णय जमिनीवर घ्यायचा. निघण्याआधीच कॅप्टनशी बोलायचं: ‘सर, आज घरी जायची घाई मलाही आहे, हजार फुटांना स्थिर नसलो तर मी गो-अराउंड म्हणणार.’ आधी बोलून ठेवलं की वर ते उद्धटपणाचं वाटत नाही, ठरलेलं असतं. हे वाक्य तो माझ्यासमोर मोठ्याने म्हणायचा. सुरुवातीला आवाज फुटेना. नटाचा मुलगा, पण मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणायची तालीम घरात कधी झालीच नव्हती.

दुसरं काम घरचं. आईवडिलांना बोलावलं. वडिलांना बिचाऱ्यांना वाटत होतं, कर्जाचा विषय काढला नाही की मुलाला ताण नाही. मुलगा मात्र त्या न बोलण्यालाच घाबरत होता. कमांड वर्षभर पुढे गेली तर हप्त्याचं काय, हे तिघांनी कागदावर मांडलं. जमत होतं, ओढाताणीने का होईना. आईला मी एवढंच सांगितलं की ड्युटीवर जाणाऱ्या मुलाला पोचायची वेळ विचारू नका, पोचल्यावर फोन कर म्हणा.

त्या रात्रीचा रिपोर्टही त्याने कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे दिला, स्वतःच्या गप्प राहण्यासकट. ते मी सुचवलं नव्हतं. झोप त्यानंतर सुधारली.

सगळेच विचारतात ते त्यानेही विचारलं: इथे आलो म्हणून मेडिकल, म्हणजे उडण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, जाईल का? समुपदेशकाशी बोलणं म्हणजे अपात्र ठरणं नव्हे. लपवणं जास्त महागात पडतं. झोपेची गोळी, सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन विमान उडवणं तर अजिबात नको. औषधाची गरज वाटली तर विमानवैद्यक डॉक्टरकडेच जायचं. डीजीसीएने २०२३ मध्ये कंपन्यांना सहकारी वैमानिकांमार्फत आधार देण्याची व्यवस्था करायला सांगितली आहे, आपल्या कंपनीत ती कोणाकडे आहे हे शोधून ठेवा. थकवा असेल तर ‘फटीग’ असंच लेखी कळवा, पोटदुखीचं निमित्त सांगू नका. खरं कारण नोंदलंच गेलं नाही तर रोस्टर कोण बदलणार?

पुढच्या पावसात त्याने एकदा गो-अराउंड म्हटलं. कॅप्टनने लगेच विमान वर घेतलं, वीस मिनिटं उशीर झाला. क्रूच्या गाडीत कोणी बोललं नाही, ते त्याला लागलं होतं. पण त्याचा खरा प्रश्न दुसराच होता: ‘मी म्हणालो आणि कॅप्टनने ऐकलं नाही तर?’ हा प्रश्न हवेतला नाही. मंगळूरला २२ मे २०१० रोजी को-पायलटने गो-अराउंड म्हटलं होतं, तरी विमान उतरलं, आणि १५८ माणसं गेली. याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते कंपनीच्या एसओपीत, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत, आहे. कधी कंट्रोल हातात घ्यायचा, कोणत्या शब्दांत सांगून घ्यायचा, हे ट्रेनिंग कॅप्टनसोबत बसून वाचायला आणि सिम्युलेटरवर करून बघायला मी त्याला पाठवलं. पुढच्या महिन्यात त्याचं ते सत्र आहे.