इलेक्ट्रिक कारची १२ व्होल्टची बॅटरी सारखी बसते, नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी बाणेरला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते, मोठी बॅटरी ६०-७० टक्के भरलेली असते, तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दारसुद्धा उघडत नाही. १२ व्होल्टची बॅटरी तीन महिन्यांपूर्वीच बदललीत आणि बाहेरून बसवलेला डॅशकॅम आहे.

एवढ्यात आणखी एक बॅटरी विकत घेऊ नका. आधी हिशोब मांडा. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर गाडी बंद असताना ३० मिलिअँपिअर करंट गेला तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तासही जात नाही. महिनाभर चिंता नाही. पण ४०० मिलिअँपिअर जात असेल तर दिवसाला साडेनऊ, म्हणजे चौथ्या दिवशी बॅटरी रिकामी. तुमचे दिवस या हिशोबात चपखल बसतात, म्हणून माझा पहिला संशय गळतीवर, म्हणजे गाडी बंद असतानाही जात राहणाऱ्या करंटवर आहे.

तरी चार्जिंग बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी 'रेडी'मध्ये (चालवायला तयार स्थितीत) आणून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा भाग, काम करतोय. १२.५ वरच अडकलं तर दोष तिथे आहे आणि तो भाग हाय-व्होल्टेजचा आहे. केशरी केबलला हात न लावता गाडी सर्व्हिस सेंटरला द्या.

आता गळती. यासाठी डीसी करंट मोजणारा, निदान १० मिलिअँपिअरपर्यंतचा फरक दाखवणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) हवा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारा, पण 'डीसी करंट' लिहिलेलं बघूनच घ्या. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. मल्टिमीटर सिरीजमध्ये (बॅटरीची वायर सोडवून मध्ये) लावायच्या फंदात पडू नका. गाडी मध्येच जागी झाली की करंट एकदम काही अँपिअरवर जातो आणि मीटरचा फ्यूज उडतो.

बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच (बंद होणारा खटका) स्क्रू ड्रायव्हरने दाबा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल (नंतर लॅच सोडवल्याशिवाय बॉनेट खाली आपटू नका). क्लॅम्प शून्यावर आणून निगेटिव्ह टर्मिनलच्या सगळ्या वायरींभोवती अडकवा. चार्जिंगची गन काढा, गाडी लॉक करा, किल्ली वर घरी ठेवून या. आणि थांबा. बहुतेकांची चूक इथेच होते: लॉक केल्या केल्या आकडा वाचतात आणि घाबरतात. सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) झोपायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर दिसले तर ठीक. आकडा शेकड्यांत राहिला, किंवा खाली येऊन दर काही मिनिटांनी उसळत राहिला, तर चोर सापडला.

एकसारखा चढा आकडा असेल तर पहिला डॅशकॅम. त्याची वायर कायम चालू फ्यूजवर असेल तर पार्किंग मोडमध्ये (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग चालू) तो एकटा दोन-तीनशे मिलिअँपिअर खाऊ शकतो. मग डिकीचा दिवा आणि ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष वाचायच्या सॉकेटमध्ये) विसरलेलं उपकरण. उसळणारा आकडा मात्र बहुधा कशानं तरी गाडीला उठवल्याचा असतो. बेसमेंटमध्ये रेंज नसली की काही गाड्यांचं टेलिमॅटिक्स युनिट (गाडीला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) नेटवर्क शोधत बसतं. ॲप सारखं उघडून चार्ज बघितला तरी गाडी जागते. दोन रात्री गाडी वर, उघड्यावर लावून फरक बघा. मध्येच व्होल्टेज १३.५ च्या वर गेलं तर ती गळती नव्हे. काही मॉडेल उभ्या उभ्या मोठ्या बॅटरीतून छोटी भरून घेतात.

फ्यूज उपटत बसू नका. काढताना-घालताना मॉड्यूल पुन्हा उठतात आणि सगळी वाट पाहणं वाया जातं. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. झोपलेल्या गाडीत फ्यूजवर ठळक आकडा दिसला की ते सर्किट जागं आहे. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे अंदाजे सव्वाशे मिलिअँपिअर.

एक वाईट बातमी: तुमची 'नवी' बॅटरीही आता दुखावलेली असणार. लेड-ॲसिड बॅटरी दोन-चारदा पूर्ण बसली की प्लेटवर सल्फेट घट्ट होतं आणि क्षमता कायमची घटते. गळती बंद करून स्मार्ट चार्जरने रात्रभर भरा, मग निगेटिव्ह काढून १२ तास ठेवा. १२.६ च्या आसपास टिकली तर लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची चाचणी) करून घ्या, १२.४ च्या खाली घसरली तर वॉरंटीत बदलून मागा.

सर्व्हिस सेंटरला जाताना डॅशकॅम काढूनच जा, नाहीतर सगळं खापर त्याच्यावर फुटेल. जॉब कार्डवर 'बॅटरी उतरते' एवढंच न लिहिता 'लॉक केल्यावर एका तासाने अमुक मिलिअँपिअर, अमुक फ्यूजवर अमुक मिलिव्होल्ट' असं लिहून घ्या.