पहिली गाडी घेताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. बाबा म्हणतात जुनी मोठी एसयूव्ही घे, तेवढ्याच पैशात नवी छोटी गाडीही बसतेय, आणि तुला वरचेवर पुणे-सातारा करायचंय. 'मोठी गाडी म्हणजे सेफ' हे बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

खरं अर्धं आधी. एक गाडी 800 किलोची, दुसरी 1600 किलोची. दोन्ही ताशी 50 च्या वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या असं धर. जड गाडी हलकीला मागे रेटत ताशी सुमारे 17 ने पुढेच जाते. म्हणजे जड गाडीतल्या माणसांचा वेग क्षणात 33 ने बदलतो, हलकीतल्यांचा 67 ने. शरीर मोडतं ते या झटक्याने. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने 2009 मध्ये हे प्रत्यक्ष आदळवून पाहिलं. स्मार्ट, होंडा फिट आणि टोयोटा यारिस, आणि प्रत्येकीसमोर त्याच कंपनीच्या घराण्यातली मध्यम आकाराची गाडी. अडथळ्यावरच्या चाचणीत या तिन्ही चांगल्या ठरल्या होत्या. मोठ्या गाडीसमोर तिन्ही नापास झाल्या.

त्यामुळे गाडीला सुरक्षेचे किती स्टार मिळाले, एवढंच मोजू नकोस. 2023 मध्ये आपल्याकडे सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आदळवून हे स्टार देणाऱ्या चाचणीत, समोरची धडक ताशी 64 किमीने एका स्थिर, चेंबणाऱ्या अडथळ्यावर घेतात. तिथे गाडी स्वतःच्याच वजनाचा मारा झेलते. 5 स्टारची हॅचबॅक 5 स्टारच्या एसयूव्हीवर आदळली तर दोन्हींतली माणसं सारखीच सुरक्षित राहतील, असं ते स्टार सांगत नाहीत.

आता उरलेलं अर्धं. हायवेवर दिवे बंद करून उभा असलेला ट्रेलर, उसाची ट्रॉली, पुलाचा कठडा, यांच्यासमोर तुझ्या गाडीचे चारपाचशे किलो जास्त असून फारसा फरक पडत नाही. तिथे केबिन टिकली पाहिजे. अपघात झालेल्या गाडीच्या सर्व्हेला गेलो की मी आधी ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, आणि दरवाजा बघतो. बोनेटचा पार चुराडा झालेला असतो, पण दार हाताने उघडतं, पायाशी पत्रा आत आलेला नसतो. अशा गाडीतली माणसं बहुतेक वेळा चालत बाहेर आलेली असतात. चेंबायचं काम बोनेटचंच आहे. 'पत्रा जाड आहे' या कौतुकाला म्हणूनच मी किंमत देत नाही.

बाबांनी पाहिलेल्या गाडीला ईएससी (गाडी घसरायला लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नाही, एअरबॅगही नाहीत. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो. खंबाटकीच्या एस वळणावर कुणी आडवं आलं आणि तू स्टिअरिंग झटक्यात फिरवलंस, तर अशी गाडी कलंडण्याचा धोका जास्त, आणि ईएससी नेमकं तिथेच सावरतं. शिवाय तिला बुलगार्ड, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी सांगाडा, लावलंय म्हणतेस. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर बंदी आणली, कारण धक्का चेंबणाऱ्या भागाऐवजी थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडतं.

आणि पट्टा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी जड, महागडी, एअरबॅग उघडलेल्या. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे, मिस्त्री धरून, गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते. आई मागे बसली की तिला पट्टा लावायला लाव, ती कितीही कुरकुरली तरी.

माझं मत स्पष्ट आहे: नवीच घे, पण यादीतली सगळ्यात हलकी नको. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण 5 स्टार, सहा एअरबॅग, ईएससी आणि मागच्या तिन्ही सीटना तीन बिंदूंचे पट्टे हवेत. सनरूफ सोडून दे. रेटिंग मिळालेल्या गाडीतले सगळे एअरबॅग तू घेतेस त्या व्हेरियंटमध्ये आहेत का, हे सेल्समनकडून लेखी घे. बुकिंगचे पैसे भरण्याआधी तो कागद मला पाठव, आणि बाबांना मला फोन करायला सांग.

तुझा,
काका