पॅनेलला भोकं पाडण्याआधी
अरे, आर्केड गेमच्या कॅबिनेटसाठी १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आणलास ते ठीक, पण ठाण्याच्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा फुगतात. कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू सीलर मारून बंद कर. जमलं तर पॅनेलपुरता, म्हणजे बटणं आणि जॉयस्टिक बसवायच्या फळीपुरता, मरीन प्लायच (ओल सोसणारा प्लायवुड) घे.

आधी पुठ्ठ्यावर बटणं आखून हात ठेवून बघ, मनगट अवघडतंय का ते लगेच कळेल. सान्वा या जपानी कंपनीची ३० मिलिमीटरची खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. तुझ्या बोर्डाच्या जाडीला लांब आट्यांची, खालून नट आवळायची घे. त्यांना साधारण २८ मिलिमीटरचं भोक लागतं. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) चालवताना खाली टाकाऊ फळी घट्ट आवळ, नाहीतर मागची बाजू उचकटते.

जॉयस्टिकचं खरं काम खालून. जाड लाकडात दांडा वर तोकडा राहतो, म्हणून तेवढ्याच भागात राउटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) खाच कर. स्क्रू वर आरपार येणार नाहीत एवढं लाकूड मात्र राख.

आणि पॅनेल कायमचं ठोकू नकोस, यावर मी ठाम आहे. एका कडेला पियानो बिजागरी (कडेभर जाणारी लांब बिजागरी) लाव, वायरी पॅनेल पूर्ण उघडेल एवढ्या सैल ठेव. बटणाखालचा मायक्रोस्विच (दाबल्यावर चालू होणारा छोटा स्विच) कधीतरी बदलावा लागतोच.