घरातले वॉश बेसिन स्वतः बदलता येते का? बेसिन आणि भिंत यांमधील फट कशाने बंद करावी?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. तडा गेलेले जुने बेसिन काढून त्याच जागी नवे बेसिन स्वतः बसवता येईल का, हा पहिला. मागच्या वेळी प्लंबरने भिंतीलगत भरलेले पांढरे सिमेंट काळे पडून त्याचे पोपडे निघत आहेत आणि बेसिनखाली सतत ओल असते, तर या वेळी ती फट कशाने बंद करावी, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे, फक्त पाण्याचे आणि सांडपाण्याचे तोंड आहे तिथेच ठेवायचे असले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर ‘सिलिकॉन’ असे एका शब्दात देता येईल. पण आपल्याकडील ओल त्या फटीतूनच येते हे आधी पडताळून पाहावे, कारण माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक घरांत ती वेस्ट कपलिंगपाशी, म्हणजे बेसिनच्या तळाला जिथे जाळीचा धातूचा तुकडा बसवलेला असतो तिथे, सुरू होते आणि वरच्या फटीवर उगीच आळ येतो. जुने बेसिन उतरवण्यापूर्वी खालची बाजू कोरडी पुसून घ्या, बेसिन काठोकाठ भरा, मग एकदम सोडून द्या आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर लावून पाहा. जिथे कागद प्रथम भिजेल तिथे दोष आहे. तोंड धुताना काठावरून उडालेले पाणी भिंतीवरून खाली उतरत असेल, तरच ती ओल फटीची समजावी.

नवे बेसिन विकत घेताना मागच्या बाजूच्या दोन भोकांमधले अंतर जुन्या बेसिनशी जुळते का हे आधी पाहा. दुकानात मापे अजून इंचांत सांगतात. ‘बावीस-सोळा’ म्हणजे साधारण 550 × 400 मिमी आणि ‘अठरा-बारा’ म्हणजे 450 × 300 मिमी. बाहेरची मापे सारखी असली तरी भोकांमधले अंतर कंपनीगणिक बदलते, त्यामुळे जुने अंतर कागदावर मांडून सोबत न्यावे. अंतर जुळले तर भिंतीतले जुने बोल्टच उपयोगी पडू शकतात, अर्थात ते गंजलेले किंवा हलणारे नसतील तर. नवे कपलिंग, बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या वाटेतला, तळाशी पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग) किंवा साधा वेस्ट पाईप, नळाला पाणी आणणारा कनेक्शन पाईप आणि रॅग बोल्टची (बेसिन भिंतीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांची) जोडी यांचा खर्च बेसिनच्या मानाने किरकोळ असतो. भिंतीतले पक्के बोल्ट सोडले तर जुने सामान धुऊनपुसून पुन्हा लावण्याची काटकसर येथे करू नये.

काढण्याच्या कामात खरी जोखीम एकाच ठिकाणी आहे. अँगल कॉक, म्हणजे बेसिनखाली भिंतीत बसवलेली छोटी चावी, बंद करूनही पाणी ठिबकत असेल तर तो बदलावा लागेल, आणि त्यासाठी बाथरूमची किंवा संपूर्ण घराची मुख्य चावी बंद करावी लागेल. ती चावी घट्ट बसते का, हे एक दिवस आधी पाहून ठेवा. इमारत जुनी असून भिंतीत लोखंडी पाईप असेल तर अँगल कॉक फिरवताना आतला गंजलेला निपल (पाईप आणि कॉक जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा) भिंतीतच तुटण्याची शक्यता असते. तो तुटला की लाद्या फोडाव्या लागतात. कॉक साध्या जोराने सुटत नसेल, तर तिथे हट्ट न करता प्लंबरला बोलवावे. पांढरे सिमेंट काढण्यासाठी हॅकसॉच्या पात्याचा तुकडा फटीत घालून हळूहळू कापत जा. छिन्नी-हातोडीने नव्हे, कारण लादीचा काठ लगेच उडतो. संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड ओतून सिमेंट विरघळवण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्याने लाद्यांमधल्या दरजा आणि नळाची चकाकी दोन्ही जातात.

बेसिनचा वरचा काठ जमिनीपासून साधारण 800 ते 850 मिमी उंचीवर असावा. नवी भोके पाडायची झाल्यास पाणसळ लावून खुणा करा आणि त्यांवर मास्किंग टेपची फुली चिकटवा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. लादी पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. विटेत शिरल्यावरच तो चालू करा. भोकाचा व्यास गिट्टीच्या, म्हणजे बोल्ट पकडण्यासाठी भोकात ठोकायच्या प्लगच्या, मापाचाच घ्या आणि नळाच्या तोंडाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, कारण भिंतीतला पाईप बहुधा त्याच रेषेत असतो. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधी गिट्टी नुसती फिरत राहते आणि पकड घेत नाही. अशा भिंतीत केमिकल अँकर (भोकात रसायन भरून त्यात बोल्ट चिकटवणे) वापरावा किंवा खालून आधार देणारे पेडेस्टल घ्यावे. बेसिनचे स्वतःचे वजन दहा-बारा किलोच्या आसपास असले, तरी घरातली माणसे त्यावर हात टेकून उभी राहतात, तो भार मोठा असतो.

आता कपलिंगकडे येऊ, कारण सगळे काम येथे साधते किंवा बिघडते. बेसिनच्या आतल्या बाजूला, काठाच्या जरा खाली, एक छोटे भोक असते. बेसिन भरून वाहू नये म्हणून जादा पाणी त्यातून चिनीमातीच्या आतल्या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकाच्या बाजूने बाहेर पडते. ते पाणी पुन्हा निचऱ्याच्या वाटेत यावे यासाठी कपलिंगच्या अंगाला खाचा लागतात. बेसिनला वरचे भोक असेल तर खाचा असलेले कपलिंग, आणि भोक नसेल तर बिनखाचांचे, एवढी एकच गोष्ट दुकानदाराला स्पष्ट सांगा. भोकाच्या बेसिनला बिनखाचांचे कपलिंग बसवले तर ते पाणी पोकळीत साठून राहते, कुजते आणि वास येतो. आता यातून पुढे काय होते ते पाहा: खाचांचे कपलिंग असताना चिनीमाती आणि कपलिंग यांमधल्या जागेत पाणी येतच राहणार, त्यामुळे वरच्या जाळीखाली कितीही सिलिकॉन लावले तरी गळती थांबवण्याची खरी जबाबदारी खालच्या रबरी वॉशरवर पडते. तिथे चिनीमातीचा पृष्ठभाग बहुधा खडबडीत आणि चकाकीविना असतो, म्हणून वॉशर जाड व मऊ हवा. त्याच्या वरच्या तोंडावर सिलिकॉनचा पातळ हात फिरवा आणि कपलिंगच्या आट्यांवर, वॉशर जिथे बसणार तेवढ्याच भागात, टेफ्लॉन टेपचे काही वेढे द्या. नाहीतर पाणी वॉशरला चुकवून आट्यांच्या वाटेने नटखाली उतरते. थेंब नटाच्या खालच्या कडेला लोंबकळताना दिसतो आणि आपण नट आवळत बसतो. खाचांवर मात्र टेप किंवा सिलिकॉन येऊ देऊ नका.

पुष्कळ जण या सांध्याला एम-सीलसारखी एपॉक्सी पुट्टी लावतात. ती गळती थांबवते हे खरे, पण दगडासारखी होते, आणि पुढच्या वेळी कपलिंग कापूनच काढावे लागते. त्या कापाकापीत बेसिनलाच तडा जाण्याची भीती असते. आट्यांवर धागा गुंडाळून त्यावर सफेदा (पांढरा लेप) लावणे ही जुन्या प्लंबरांची पद्धत लोखंडी आट्यांसाठी चांगली होती, चिनीमातीजवळ तिचे काम नाही.

नळ आणि कपलिंग हे दोन्ही बेसिन भिंतीवर चढवण्यापूर्वीच, ते गादीवर किंवा जाड चादरीवर उलटे ठेवून बसवावेत. भिंतीला लागल्यावर तिथे पाना फिरवायला जागा उरत नाही आणि मान अवघडते ती वेगळीच. नट हाताने घट्ट करून मग पान्याने पाव फेरा द्यावा. भिंतीवरच्या बोल्टांनाही हाच नियम लावा, आणि तिथे चिनीमाती व लोखंडी नट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर असलाच पाहिजे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळू नका. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळत, मधूनमधून पाणसळ काठावर ठेवून पाहत जा. चिनीमाती दाब सोसते, पीळ सोसत नाही.

टेफ्लॉन टेपबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण ती सरसकट सगळीकडे गुंडाळली जाते. अँगल कॉक भिंतीत शिरतो त्या आट्यांवर टेप लागते. आटे आपल्याकडे तोंड करून धरावेत आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, टेप ताणून, दहा-बारा वेढे द्यावेत. कनेक्शन पाईपच्या टोकाला मात्र आत रबरी वॉशर असतो आणि पाणी तोच अडवतो. तिथे टेप गुंडाळली की नट तिरका चढण्याचा धोका वाढतो, लाभ काहीच होत नाही. बॉटल ट्रॅपच्या जोडात निमुळते वॉशर असेल तर त्याची निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडाकडे ठेवावी. ट्रॅपच्या तळाशी साठून राहणारे पाणी ड्रेनेजचा वास घरात येऊ देत नाही. आपला वेस्ट पाईप थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, उतरत असेल तर ते काम नहाणी ट्रॅप करतोच, मग साधा पाईपही चालतो. दोन्ही प्रकारांत भिंतीत किंवा जमिनीत शिरणाऱ्या पाईपच्या तोंडाशी रबरी बूच घट्ट बसवावे, अन्यथा झुरळांना ती वाट लगेच सापडते.

सिलिकॉन हातात घेण्यापूर्वी सुरुवातीला सांगितलेली टिश्यू पेपरची परीक्षा नव्या बेसिनवरही घ्यावी आणि या वेळी पाणी वरच्या भोकातूनही काही वेळ वाहू द्यावे. फट बंद केल्यावर गळती सापडली, तर बेसिन काढताना केलेले सगळे सील फाडावे लागते.

फटीसाठी पांढरे सिमेंट नको, याचे कारण साधे आहे. बेसिनवर हात टेकला की ते किंचित हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून केसाएवढी चीर पडते, तिच्यात साबणाचे पाणी शिरते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. सिलिकॉन रबरासारखे असल्याने ती हालचाल सोसते. बाजारात त्याचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकाला वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो लादी आणि चिनीमातीवर चांगला चिकटतो, पण त्यातून सुटणारे आम्ल संगमरवर आणि कडप्पा यांना खाते, कारण दोन्ही दगड चुन्याचे आहेत. आपले बेसिन कडप्प्यावर किंवा संगमरवरावर बसणार असेल तर ‘न्यूट्रल’ लिहिलेली नळीच घ्यावी. दोन्ही प्रकारांत बाथरूमसाठीची, बुरशीरोधक अशी नोंद असलेली नळी मिळते. अ‍ॅक्रिलिक सीलंट स्वस्त असते, मात्र सतत ओल्या जागी टिकत नाही.

जागा पूर्ण कोरडी हवी. सिलिकॉन हवेतल्या बाष्पानेच वाळते, म्हणून पावसाळ्यातही ते वाळते. परंतु ओल्या लादीवर ते चिकटत नाही, या दोन गोष्टींची गल्लत करू नये. रात्रभर पंखा लावून, सकाळी फट स्पिरिटने पुसून काम करावे. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, त्यामुळे जुने असल्यास पत्तीने खरवडून पूर्ण काढा. फटीच्या वर भिंतीवर आणि खाली बेसिनवर मास्किंग टेपच्या दोन समांतर पट्ट्या लावा. नळीचे तोंड 45 अंशांत, फटीपेक्षा किंचितच मोठे कापा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता एकसारखी धार सोडा. साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट एकदाच, फार तर दोनदा फिरवा आणि लगेच दोन्ही पट्ट्या ओढून काढा. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर पट्टी काढली तर कड फाटते. साबणाचे पाणी आधीच फटीत गेले तर मात्र सगळी मेहनत वाया जाते. सिलिकॉन दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी खोलीपर्यंतच वाळते, त्यामुळे किमान 24 तास बेसिन वापरू नये आणि फट जाड असेल तर दोन दिवस थांबावे.

ही धार वरच्या काठाला आणि दोन्ही बाजूंना द्यावी. खालचा काठ मी मोकळा ठेवतो. काही प्लंबरांना हे पटत नाही, कारण चहूबाजूंनी बंद केलेले बेसिन दिसायला नीट दिसते. पण पुढे कधी मागून पाणी उतरलेच, तर खालची फट उघडी असल्याने ते भिंतीवर लगेच दिसते. ती बंद असेल तर तेच पाणी बोल्टच्या भोकांतून भिंतीत मुरते आणि त्याची बातमी खालच्या मजल्यावरचे शेजारी आणतात. आपण गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर हेही ध्यानात असू द्या की, आदर्श उपविधींनुसार, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, संडास, सिंक अशा ठिकाणांहून होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

पंधरा दिवसांनी बोल्टांचे नट आणि कपलिंगचा नट एकदा हाताने तपासा, कारण नवा रबर दाबला गेल्यावर ते किंचित सैल होतात. उरलेल्या सिलिकॉनच्या नळीच्या तोंडात लांब स्क्रू बसवून ठेवा. काही महिन्यांनी वापरायची झाल्यास आधी कागदावर थोडे काढून पाहा, आणि ते दुसऱ्या दिवशीही चिकट राहिले तर ती नळी टाकून द्या.