ड्रिल प्रेसवर मिलिंग करावे का?

प्रश्न : माझ्या घरच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर बसणारा, १३ मिमी चकचा (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यांचा) ड्रिल प्रेस आहे. ६ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत ८ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब आरपार खाच पाडायची आहे. त्यासाठी क्रॉस-स्लाइड व्हाइस (पकडलेले काम आडवे-उभे सरकवता येणारा शिकंजा) आणि ८ मिमीचा एंड मिल (बाजूनेही कापणारा) कटर आणून ठेवला आहे. मोटर दमदार आहे. हे काम या यंत्रावर जमेल का?

उत्तर : मोटरीच्या दमाचा येथे फारसा संबंध नाही. ड्रिलिंग करताना जोर स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, अक्षाच्या दिशेने, म्हणजे वरून खाली येतो आणि ड्रिल प्रेसची रचना तोच जोर गृहीत धरून केलेली असते. मिलिंगमध्ये, म्हणजे फिरत्या कटरखाली काम सरकवत धातू कापताना, कटरवर बाजूने जोर येतो. तो पेलण्याइतका ताठपणा ना क्विलमध्ये (स्पिंडलला घेऊन वर-खाली सरकणाऱ्या नळीत) असतो, ना एकाच खांबावर तोललेल्या डोक्यात आणि टेबलात. कटर थरथरतो, खाचेच्या भिंती लाटांसारख्या येतात आणि ८ मिमीच्या कटरने पाडलेली खाच ८ मिमीपेक्षा रुंद होते.

काम ओबडधोबड झाले तर पट्टी वाया जाईल, एवढेच. खरा धोका चकचा आहे. बहुतेक ड्रिल प्रेसमध्ये चक केवळ टेपरच्या, म्हणजे निमुळत्या जोडाच्या, घट्टपणावर टिकलेला असतो. ड्रिलिंगचा जोर टेपर आणखी घट्ट बसवतो, तर बाजूचा जोर आणि कंप तो हळूहळू सैल करतात आणि मग फिरता चक कटरसह खाली निसटू शकतो. मिलिंग मशीनमध्ये कटरधारक वरून ड्रॉ-बारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) आवळलेला असतो, तो याचसाठी. शिवाय ड्रिल चकच्या तीन जबड्यांची पकड एंड मिलच्या कठीण, गुळगुळीत दांड्यावर नीट बसत नाही आणि कटरच्या पिळामुळे तो चकमधून खाली ओढला जाऊन काप नकळत खोल होत जातो.

तुमच्या खाचेसाठी मी मिलिंगच्या वाटेला जाणार नाही. मध्यरेषेवर ८ मिमी अंतराने पाच सेंटर पंच मारा, आधी बारीक आणि मग ७.५ मिमीच्या ड्रिलने भोके पाडा. भोके एकमेकांत शिरू देऊ नयेत, कारण तसे झाले की ड्रिल मोकळ्या बाजूला घसरते. मध्ये उरलेले अर्ध्या मिलिमीटरचे पडदे छिन्नीने किंवा बारीक करवतीने तोडून, आखलेल्या रेषेपर्यंत सपाट आणि गोल कानसेने घासा. कानसेचे काम कंटाळवाणे आहे खरे. पण हाताखाली रेषा दिसत असते आणि ती ओलांडण्याआधी थांबता येते.

तरीही मिलिंग करूनच पाहायचे असेल, तर ते याच भोकांनंतर, फक्त भिंती साफ करण्यापुरते आणि ८ ऐवजी ६ मिमीच्या कटरने करावे. क्विल शक्य तितका वर ठेवून लॉक करावा, व्हाइस टेबलाला बोल्टने आवळावा आणि एका वेळी पाव मिलिमीटरहून अधिक धातू काढू नये. कापाच्या जागी दात ज्या दिशेने जातात, त्याच्या उलट दिशेने काम सरकवावे. त्याच दिशेने सरकवल्यास व्हाइसच्या स्क्रूमधला ढिलेपणा भरून निघताना कटर पट्टी एकदम ओढून घेतो. हायस्पीड स्टीलच्या कटरला ॲल्युमिनियमसाठी मिनिटाला ६० मीटर हा कापवेग धरला, तर ६ मिमी व्यासाला मिनिटाला सुमारे ३२०० फेरे येतात; यंत्राचा सर्वाधिक वेग त्याहून कमी असेल तर पट्टी त्या प्रमाणात सावकाश सरकवावी. पोलाद मात्र या यंत्रावर घेऊच नये.

काम सुरू करण्यापूर्वी चक आणि स्पिंडल दोन्हींचे टेपर तेलाचा अंश राहणार नाही असे पुसून घ्या, चकचे जबडे पूर्ण आत घेऊन लाकडी हातोड्याने खालून ठोका द्या आणि दर दोन-तीन कापांनंतर यंत्र थांबवून चक बाजूने हलवून पाहा. जरासाही ढिलेपणा जाणवला, तर कटर काढून ठेवा आणि उरलेले काम कानसेवर सोपवा.