सोडली, सुटली की काढले?

प्रश्न : उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी सहा वर्षे मोल्डिंग विभागात सलग कामाला होतो. ऑर्डरी घटल्यामुळे आम्हा काही जणांना कमी करण्यात आले. हाती पडलेल्या इंग्रजी पत्रात नुसते ‘टर्मिनेटेड’ असे लिहिले आहे. आता पुण्याच्या एका कंपनीच्या अर्जात आधीची नोकरी सुटण्याचे कारण विचारले आहे. तेथे ‘डिसमिस्ड’ लिहावे, ‘लेड ऑफ’ की ‘रिझाइन्ड’?
— एक वाचक, मच्छे (बेळगाव)

उत्तर : या तिन्हींपैकी एकही शब्द आपल्याला लागू होत नाही. आपण लिहायचा शब्द आहे ‘रिट्रेंच्ड’, म्हणजे कामगारकपातीत कमी केलेला.

‘टर्मिनेशन’ हा मोघम शब्द आहे. नोकरी संपली एवढेच तो सांगतो, का संपली ते सांगत नाही. ‘डिसमिस’ म्हणजे बडतर्फ, आणि त्यात गैरवर्तनाचा ठपका आला. तो आपण आपल्याच हाताने स्वतःवर का ओढून घ्यावा? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘रिट्रेंचमेंट’ची व्याख्या करताना शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कामावरून काढणे त्यातून स्पष्टपणे वगळले आहे, म्हणूनच हा शब्द आपली बाजू स्वच्छ ठेवतो. शिवाय त्याला पैशाचेही वजन आहे : महिनाभराची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे आपल्या सहा वर्षांचे ९० दिवसांचे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा हिशेब तसाच आहे.

खरा घोटाळा ‘लेड ऑफ’मुळे होतो. अमेरिकी बातम्यांत ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेलीच, असा अर्थ असतो. आपल्या कायद्यात मात्र वीज, कोळसा वा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले किंवा माल पडून राहिला, म्हणून मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, ती स्थिती म्हणजे ‘ले-ऑफ’. अशा कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम असते. भट्टी पेटली की तो पुन्हा कामावर येतो.

‘रिझाइन्ड’ तर मुळीच लिहू नये. मराठीतला ‘राजीनामा’ आणि आपल्याकडच्या कन्नड कागदांवरचा ‘राजीनामे’ हे दोन्ही फारसीतून आलेले असून त्यांत ‘राजी’, म्हणजे कामगाराची संमती, गृहीत आहे. हिशेब चुकता करताना कोणी आधी छापलेल्या राजीनाम्यावर सही मागितली, तर ती देऊ नये. त्या एका सहीने वरची भरपाई हातची जाते. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे ती राजीनाम्यानंतरही मिळते.

जाता जाता, मुलाखतीत ‘आय अॅम रिझाइन्ड’ असे बोलणारे बरेच भेटतात. त्याचा अर्थ ‘मी नशिबाला शरण गेलो आहे’ असा होतो. आपण अर्जात ‘रिट्रेंच्ड ड्यू टू शॉर्टेज ऑफ ऑर्डर्स’ एवढेच लिहावे आणि फाउंड्रीकडून पत्रातही तोच शब्द लेखी मागून घ्यावा.